झोपलेल्या फोनची नोंदवही

मधुमेहाच्या रुग्णांनी मोबाइलवरील इशाऱ्यांची सेटिंग्ज महिन्यातून किमान एकदा तपासून घ्यावीत, असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. दंडावर चिकटवलेला सेन्सर ठरावीक मिनिटांनी साखर मोजतो, आकडा ब्लूटूथने फोनकडे पाठवतो आणि साखर धोक्याच्या पातळीखाली गेली की फोन वाजतो, अशी ही व्यवस्था. पण फोन वाजलाच नाही किंवा ऐकू आला नाही, अशा तक्रारी प्रशासनाकडे आल्या होत्या. साखर अतिशय कमी होणे, अतिशय वाढणे, कीटोअ‍ॅसिडोसिस आणि मृत्यू अशा परिणामांचा त्यात उल्लेख आहे. कारणे साधी आहेत. 'व्यत्यय नको' ही सोय सुरू राहिली, नवा हेडफोन जोडला, ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट झाली, किंवा बरेच दिवस न उघडल्यामुळे अ‍ॅप गाढ झोपेत गेले.

पहिली तीन कारणे घरातल्या कोणालाही समजतात. चौथे वेगळे आहे, कारण ते रुग्णाने केलेले नसते. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ते परस्पर ठरवलेले असते.

अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे ६.० या आवृत्तीपासून, 'डोझ' नावाची सोय आहे. पडदा बंद, चार्जरला न जोडलेला आणि काही वेळ न हललेला फोन सध्या कोणाला नको आहे, असे ती गृहीत धरते. मग अ‍ॅप्सचे इंटरनेट तोडते, त्यांची कामे पुढे ढकलते आणि मधूनमधून थोडा वेळ त्यांना जागे होऊ देते. यातून सूट मागण्याचा मार्ग अ‍ॅप बनवणाऱ्यांना आहे, पण काही कंपन्या त्यावर आपली आणखी कडक बॅटरी-बचत चढवतात. आता रात्री दोन वाजता उशाशी ठेवलेला फोन पाहा. पडदा बंद, हालचाल नाही, चार्जर काढलेला. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर ७० मिलिग्रॅमखाली, कधी ५४ च्याही खाली घसरते ती अशाच वेळी. घाम, थरथर, धडधड या खुणा झोपेत कळत नाहीत, म्हणून तर सेन्सर लावलेला असतो. फोनच्या दृष्टीने जी वेळ सर्वांत बिनमहत्त्वाची, तीच रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत जोखमीची.

झोपेचे हे व्यवहार अखेर प्रत्यक्षात आणतो तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तंत्रज्ञ त्याला कर्नल म्हणतात (लष्करातला नव्हे). अँड्रॉइड फोनमध्ये तो लिनक्सचा असतो. प्रोसेसरला काम नसले की कर्नल त्याला विश्रांतीच्या अवस्थेत पाठवतो, आणि अशा अवस्था अनेक असतात. रात्रपाळीचा डॉक्टर वॉर्डातल्या खुर्चीवर डुलकी घेऊ शकतो, ड्यूटी रूममध्ये आडवा होऊ शकतो किंवा क्वार्टरवर जाऊन झोपू शकतो. विश्रांती जितकी खरी, तितका हाक आल्यावर पोहोचायला उशीर. प्रोसेसरचेही तसेच, फक्त हिशेब मायक्रोसेकंदांचा. किती खोल झोपायचे हा निर्णय कर्नल सेकंदाला कित्येकदा घेत असतो.

हे निर्णय पाहता येतात. कर्नलमध्ये जागोजागी ट्रेसपॉइंट, म्हणजे नोंदीच्या जागा, पेरून ठेवलेल्या आहेत. बंद असताना त्यांचा भार जवळजवळ नसतो. सुरू केल्या की प्रोसेसर कोणत्या अवस्थेत गेला, त्याचा वेग किती किलोहर्ट्झ झाला, सगळे यंत्र कधी निजले, चिपमधले कोणते घड्याळ बंद झाले, हे सारे वेळेसह लिहिले जाते. अतिदक्षता विभागात सिस्टर तासातासाला नाडी, रक्तदाब, लघवी लिहून ठेवतात, तशीच ही वही.

वही असून भागत नाही, ती वाचता आली पाहिजे. केस पेपरवर 'एनबीएम' लिहिलेले पाहून नवखा नातेवाईक ते औषधाचे नाव समजेल. तोंडावाटे काही द्यायचे नाही, हा अर्थ कोणीतरी सांगावा लागतो. लिनक्सच्या वीजनोंदींत याहून भारी उदाहरण आहे. प्रोसेसर अवस्था ४ मध्ये गेला की नोंदीत ४ येतो. पुढच्या ओळीत अवस्था म्हणून ४२९४९६७२९५ असा दहा आकडी अंक दिसतो. चारशे एकोणतीस कोटींवी झोप? तसे काही नाही. तो ३२ बिटांत लिहिलेला उणे एक आहे आणि त्याचा अर्थ 'झोप संपली' एवढाच. कर्नलच्या कागदपत्रांत वीजनोंदींवर एक छोटे प्रकरण आहे. त्यात हा अर्थ दिला आहे, आणि झोप किती वेळ टिकली हे मोजणारी साधने याच नोंदीवर अवलंबून आहेत, असेही बजावले आहे. हे ठाऊक नसलेल्या माणसाला फोन केव्हा निजला ते कळेल, केव्हा उठला ते कळणार नाही.

नोंदीचा साचा बदलतानाही जपावे लागते. २०११ मध्ये निरुपयोगी झालेला एक रकाना काढला, तर वीज कुठे खर्च होते ते दाखवणारा 'पॉवरटॉप' हा प्रोग्रॅम बिघडला. शेवटी त्या जागी तेवढाच रिकामा रकाना ठेवावा लागला.

रुग्णाशी याचा संबंध किती थेट आहे, हे २०२४ मध्ये दिसले. टँडम डायबेटिस केअर या अमेरिकी कंपनीच्या इन्सुलिन पंपासोबत आयफोनवर चालणाऱ्या अ‍ॅपची २.७ ही आवृत्ती वारंवार बंद पडे, ऑपरेटिंग सिस्टिम तिला पुन्हा सुरू करी, आणि दर वेळी पंपाशी ब्लूटूथचा संवाद नव्याने होई. त्यात पंपाची बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर संपून पंप बंद पडू शकत होता. १५ एप्रिल २०२४ पर्यंत इजेच्या २२४ घटना नोंदवल्या गेल्या. मृत्यू एकही नाही. इथे कर्नल लिनक्सचा नव्हता, पण प्रश्न तोच: कोणी कोणाला, किती वेळा उठवले? असा दोष तपासताना उठण्याझोपण्याच्या वेळांची नोंद हाताशी असणे आणि नसणे यात फार अंतर पडते.

या नोंदींच्या मर्यादाही मोठ्या आहेत. प्रोसेसर झोपला हे कर्नल सांगेल. साखरेचे अ‍ॅप कोणत्या नियमाने गोठवले गेले, हे त्याच्या वरच्या थरात ठरते, आणि कंपन्यांचे ते नियम क्वचितच नीट लिहिलेले सापडतात. खरी उणीव तिथे आहे. शिवाय विकत घेतलेल्या फोनवर या नोंदी सामान्य माणसाला उघडता येत नाहीत. ते काही अंशी योग्यही आहे. फोन कधी उठतो यावरून त्याचा मालक कधी उठतो हेही कळते. पण वैद्यकीय अ‍ॅपपुरती एक वेगळी, समजेल अशा भाषेतली नोंद ठेवायला हरकत कसली? इशारा कधी तयार झाला, कधी वाजला, मध्ये कोणी अडवला, एवढे तीन रकाने पुरतील.

भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय कामासाठीचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या कायदेशीर व्याख्येत येते. उपकरणांमुळे झालेल्या अपायांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे; गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. फोनने इशारा दिला नाही अशी घटना घडली, तर डॉक्टरांनी सेन्सरच्या नावावर थांबू नये. फोनचे मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, शेवटच्या अपडेटची तारीख, बॅटरी-बचत सुरू होती की बंद आणि त्या वेळी चार्जिंग किती होते, हेही लिहावे. फोन परवानाप्राप्त उपकरण नसला तरी रुग्णाच्या बाबतीत तो त्याचाच भाग झालेला असतो.

हे सगळे त्याच दिवशी उतरवून घ्यावे लागते. कर्नलची नोंदवही मर्यादित जागेत असते. ती भरली की सहसा जुन्या नोंदींवर नव्या चढतात, आणि फोन बंद केला की बहुधा सगळीच पुसली जाते. तक्रार घेऊन गेलेल्या रुग्णाला मात्र पहिला सल्ला मिळतो तो फोन बंद करून पुन्हा चालू करण्याचाच.