विश्लेषण : पहिला येऊनही गुण निम्मेच! हँग ग्लायडिंगमध्ये दिवसाची किंमत कोण ठरवते?

शर्यतीत पहिला आला की पूर्ण गुण, हा हिशेब हँग ग्लायडिंगमध्ये चालत नाही. इथे आधी त्या दिवसाच्या शर्यतीची, म्हणजे टास्कची, किंमत ठरते. ती कधी १००० गुण असते, तर कधी ३०० सुद्धा. ही किंमत हवामानाइतकीच आयोजकांनी आधी भरलेल्या चार-पाच आकड्यांवर अवलंबून असते. खरा वाद त्या आकड्यांचाच आहे.

टास्कची वैधता म्हणजे काय?

पावसाने एकदिवसीय सामना थांबला तर निकालासाठी दुसऱ्या संघाला किमान २० षटके मिळावी लागतात. त्याआधी खेळ संपला तर सामना अनिर्णित. हँग ग्लायडिंगमध्ये मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ असा निकाल नसतो, तर ० ते १ मधला अपूर्णांक निघतो. त्याचे सूत्र ‘गॅप’ या नावाने ओळखले जाते. गेरोल्फ, अँजेलो आणि पॉल या तीन निर्मात्यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. पॅराग्लायडिंगमध्येही याच सूत्राच्या आवृत्त्या वापरल्या जातात.

या सूत्रात तीन प्रश्न असतात. किती जण उडाले? सगळे मिळून किती लांब गेले? सर्वात वेगवान वैमानिकाला किती वेळ लागला? तिन्ही उत्तरांचा गुणाकार म्हणजे टास्कची वैधता. ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे मात्र आयोजकांनी दिलेल्या अपेक्षित आकड्यांवरून ठरते.

लोणारच्या नकाशावर समजून घेऊ

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. त्यामुळे तिथून उडण्याचा प्रश्नच नाही. हे फक्त कागदावरचे उदाहरण. लोणार ते सिंदखेड राजा हवाई अंतर साधारण ४० किलोमीटर. समजा, या अंतराचा टास्क लावला. २० वैमानिक आले आणि सगळे उडाले. सरासरी अंतर २२.५ किलोमीटर, तर विजेत्याने एका तासात टास्क पूर्ण केला.

आयोजकांनी अपेक्षित अंतर ४० किलोमीटर, अपेक्षित वेळ दीड तास, किमान अंतर ५ किलोमीटर आणि २५ टक्के वैमानिक गोलला पोहोचतील असे धरले होते. मग अंतराची वैधता ०.८० आणि वेळेची ०.८७ निघते. दिवसाची किंमत जवळपास ७०० गुण.

आता फक्त दोन आकडे बदला : अपेक्षित अंतर ६० किलोमीटर, वेळ दोन तास. उड्डाणे तीच, वारा तोच, विजेताही तोच. पण अंतराची वैधता ०.५१ आणि वेळेची ०.७२ होते. किंमत घसरून सुमारे ३६५ गुण! स्पर्धा अनेक दिवसांची असते. त्यामुळे आजचा विजेता, दुसऱ्या दिवशी चांगल्या टास्कमध्ये चौथा आलेल्याच्याही मागे पडू शकतो.

न उडणाऱ्याचेही मत

सर्वात महत्त्वाचा आकडा उड्डाणाचा. तो सहसा ९६ टक्के ठेवतात. वारा धोकादायक वाटला म्हणून २० पैकी १० जणांनी उडणे टाळले, तर उड्डाण वैधता ०.५३ वर येते. म्हणजे जे उडाले त्यांच्यासाठीही त्या दिवसाची किंमत जवळपास निम्मी होते. हाच आकडा ६० टक्के ठेवला, तर वैधता ०.९२ राहते. उडालेल्यांची चांदी, थांबलेल्यांचा तोटा. मग पुढच्या वेळी वारा वाईट असूनही वैमानिक उडी घेईल. कागदावरचा आकडा असा थेट जिवाशी येऊन भिडतो.

मग योग्य आकडा कोणता?

आकडे फार सैल ठेवले तर छोट्या, नशिबाच्या दिवसालाही १००० गुण मिळतात. फार कडक ठेवले तर मेहनतीचा दिवस वाया जातो. त्यामुळे अंतर आणि वेळेचे आकडे त्या जागेच्या हवेनुसारच हवेत. हिमालयाच्या कुशीतल्या बीर-बिलिंगसाठी योग्य ठरलेले आकडे कामशेतसाठी जसेच्या तसे उचलणे चुकीचे. उड्डाणाच्या आकड्यात मात्र तडजोड नको. तो उंचच राहिला पाहिजे, कारण जमिनीवर थांबण्याचा निर्णय हाही वैमानिकाच्या कौशल्याचाच भाग आहे.

हे सगळे आकडे पहिल्या टास्कआधी, कारणांसह फलकावर लागले पाहिजेत. निकालानंतर सूत्र समजावून सांगितले तर ती सबब वाटते. आधी सांगितले तर तो नियम असतो.