इंग्रजीचे ‘इफ’ आणि आपले ‘तर’

परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी इंग्रजीत चार वाक्ये बोलावयास उभा राहिला की अडखळतो, ही तक्रार नांदेड-लातूरच्या शिक्षकांना नवी नाही. या अडखळण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक मात्र वर्गातच दूर करता येण्याजोगे असूनही त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. ते म्हणजे संकेतार्थी वाक्य. ‘असे झाले तर तसे करू’ या वाक्यावर माणसाचे निम्मे व्यवहार चालतात. आणि नेमके तेच वाक्य इंग्रजीत रचताना आपला विद्यार्थी वारंवार चुकतो.

मराठवाड्यात इंग्रजी मागे राहिली याला इतिहास आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलाला उच्च शिक्षणासाठी आधी उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले, १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले आणि २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासूनच शिकविली जाऊ लागली. तेव्हा बारा वर्षे इंग्रजी शिकलेला विद्यार्थी आज ‘इफ इट विल रेन’ असे लिहितो, त्याचा दोष इतिहासाच्या माथी मारून चालणार नाही.

ही चूक मंदबुद्धीची नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ‘पाऊस पडला तर पेरणी करू’ असे आपण म्हणतो. गोष्ट उद्याची, पण ‘पडला’ हे रूप भूतकाळाचे. गोष्ट उद्याची आहे असे मानणारा विद्यार्थी ‘विल’ घालतो. मराठी रूपाकडे पाहणारा ‘रेन्ड’ लिहितो. इंग्रजीला येथे हवा असतो वर्तमानकाळ : ‘इफ इट रेन्स, वी विल सो’. दुसरा फरक अव्ययांचा. मराठी माणूस ‘जर’ सहज गाळतो, पण ‘तर’ सोडीत नाही. इंग्रजी ‘इफ’ घट्ट धरून ठेवते आणि ‘देन’ बहुधा गाळते. हा साधा फरक किती वर्गांत सांगितला जातो?

खरी कसोटी पुढेच आहे. ‘आमची विहीर असती तर ऊस लावला असता’, या वाक्यात विहीर आज नाही असे म्हणावयाचे आहे, की गेल्या वर्षी नव्हती असे? मराठीत एकच रूप दोन्ही अर्थ वाहते. संदर्भावरून ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत मात्र आजच्या अभावासाठी ‘इफ वी हॅड अ वेल, वी वुड प्लँट केन’ आणि गेलेल्या हंगामासाठी ‘इफ वी हॅड हॅड अ वेल, वी वुड हॅव प्लँटेड केन’ अशी दोन वेगळी वाक्ये लागतात. मातृभाषेत जी सीमारेषा नाही ती परभाषेत ओढावयाची असते, म्हणून येथे सर्वाधिक गोंधळ होतो.

यावर आपला उपाय कोणता? पहिला, दुसरा, तिसरा प्रकार अशी सूत्रे पाठ करणे आणि ‘इफ’चे ‘अनलेस’ करणे. तेथेही ‘अनलेस’च्या पुढे ‘नॉट’ तसाच राहतो, कारण ‘तो येत नाही तोवर’ या मराठी वाक्यात नकार असतोच. गुण मिळतात, परंतु वाक्य विद्यार्थ्याचे होत नाही.

लातूर पॅटर्नने खेड्यांतील मुलांना जे यश मिळवून दिले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र नीटच्या ७२० गुणांत इंग्रजीचा एकही गुण नाही, म्हणून इंग्रजीचा तास मागे सरकतो. ती परीक्षा मराठीतून देता येते हेही खरे. पण मुखेडचा किंवा अहमदपूरचा मुलगा वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचला की पुढची पुस्तके इंग्रजी असतात, आणि वैद्यकाचे शास्त्र ‘अमुक लक्षण दिसले तर तमुक करा’ याच वाक्यात लिहिलेले असते. ‘अनलेस’ उलटे वाचले गेले तर तेथे केवळ गुण जाणार नाहीत.

इंग्रजीच्या तासाला मराठी उच्चारू नये, असा एक आग्रह आहे. त्यामागील हेतू चांगला असला तरी मुलाच्या मनात चालणारे मराठी त्यामुळे थांबत नाही. ते फक्त शिक्षकाच्या नजरेआड होते. त्यापेक्षा मुलाच्या तोंडचे मराठी वाक्य फळ्यावर घ्यावे, गोष्ट होण्याजोगी आहे, आज नाही, की होऊन गेली हे त्यालाच विचारावे, आणि मग इंग्रजी रूप बांधावे. एकाने अट सांगावी, दुसऱ्याने परिणाम सांगून त्याचीच पुढची अट करावी. रोज दहा मिनिटे असा तोंडी सराव झाला तर भरलेल्या वर्गातही प्रत्येकाची पाळी आठवड्यात येऊ शकेल. बारावीच्या तोंडी परीक्षेचे वीस गुणही मग खऱ्या अर्थाने मिळविलेले ठरतील.

सरावाची वाक्ये पुस्तकातूनच आणली पाहिजेत असे नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले; ते आले नसते तर? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली; त्या भिंती तशा नसत्या तर? असे प्रश्न विचारल्यावाचून समाज शहाणा होत नाही. आपल्या मुलांना ते मराठीत विचारता येतात. ते इंग्रजीत, अचूक आणि न अडखळता विचारता यावेत एवढीच अपेक्षा आहे, आणि ती पुरी करण्यासाठी नव्या योजनेची वा निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.