हरणांची शेती : कुंपणाआडचा जोखमीचा धंदा

तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मॉयलच्या मँगनीज खाणीमुळे ओळखले जाते. या भागात जंगलाला लागूनच धानाची शेती आहे. अशा पट्ट्यात रानडुकरे आणि चितळ उभ्या पिकात शिरतात आणि शेतकऱ्याला रात्र रात्र जागल करावी लागते. मग परदेशाप्रमाणे हरणे पाळून शिकारीसाठी का देऊ नयेत, निदान उत्पन्न तरी मिळेल, असा प्रश्न कुणालाही पडू शकतो.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चितळ पाळणे, विकणे किंवा त्याची शिकार करणे गुन्हा आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्याबाबत कलम ११ खाली अपवाद म्हणून परवानगी मिळू शकते. पण मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. त्यात व्यापाराला जागा नाही.

मात्र कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. हेच आपले चितळ १९३०च्या दशकात अमेरिकेतील टेक्सासमध्ये नेण्यात आले आणि आज तिथल्या खासगी रानांत शिकारी पैसे मोजून त्यांची शिकार करतात. या धंद्यात आठ फूट उंच कुंपण लागते, वर्षभर खाद्य आणि पशुवैद्य लागतो. शिकाऱ्याला हवी असतात मोठी शिंगे, आणि नर तेवढा वाढायला काही वर्षे जातात. तोवर खर्चच खर्च. शिवाय हरीण भित्रे असते. पकडताना किंवा वाहनातून नेताना बसलेल्या ताणाने त्याचे स्नायू निकामी होऊन ते मरू शकते.

सर्वांत मोठे संकट रोगाचे आहे. ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा हरणांच्या मेंदूचा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम दिसला. तो जिवाणू किंवा विषाणूमुळे होत नाही. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. लाळ, मूत्र आणि विष्ठेतून तो पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतो. त्यावर लस नाही, औषध नाही. लागण झालेले हरीण वर्ष-दीड वर्ष धडधाकट दिसते. खात्रीचे निदान बहुधा मेल्यावर मेंदू व लसीका ग्रंथी तपासूनच होते. एकाच गव्हाणीवर दाटीने चरणाऱ्या कळपात त्याला आयतेच रान मिळते. एक प्राणी बाधित निघाला, तर अख्खा कळप मारावा लागू शकतो किंवा त्याची ने-आण वर्षानुवर्षे बंद होते. कॅनडातून आणलेल्या एल्क हरणांबरोबर हा रोग दक्षिण कोरियातही पोहोचला.

माणसाला त्याची लागण झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. भारतात या रोगाची नोंद नाही. व्यापारासाठी परदेशातून हरणे आणली, तर हे सुदैव गमावण्याचा धोका आहे.

धान पिकवणाऱ्याचा प्रश्न मात्र यामुळे लहान होत नाही. वेळेवर पंचनामा, लवकर हातात पडणारी भरपाई, गावाने मिळून घातलेले कुंपण आणि जंगलात चरणाऱ्या गुरांना लाळ्या-खुरकुताची लस, हेच उपाय कामाचे आहेत. हरणांनाही लाळ्या-खुरकुत होतो. म्हणून गुरांना टोचलेली लस गोठ्याबरोबर जंगलाचीही राखण करते.