फुलपाखरू हवे, तर अळी सोसा

पाऊस ओसरून ऊन पडू लागले की आपल्या अंगणात झेंडू, सदाफुली, जास्वंद बहरतात. अंगणातल्या क्रुसाभोवतीही आपण हौसेने फुलझाडे लावतो. मग मुले विचारतात, "फुले एवढी आहेत, तर फुलपाखरे का येत नाहीत?" याचे उत्तर पुष्कळदा परसातल्या कढीलिंबापाशी सापडते. तिथे अळी दिसली की आपण ती चिरडतो, नाहीतर शेतातले उरलेले औषध आणून फवारतो. अंडी फोडून टाकायची आणि पिल्लांची वाट पाहायची, असा हा प्रकार आहे.

आमचे म्हणणे असे, की फुलपाखरांसाठी बाग करायची तर आधी अळीच्या जेवणाची सोय पाहावी. फुलपाखरू मध पुष्कळ फुलांतला पिते. पण मादी अंडी घालते ती ठराविक झाडांवरच, कारण तिच्या अळीला तोच पाला चालतो. लिंबोणी आणि कढीलिंबावरची अळी लहानपणी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो. शेजारच्या महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले मोठे निळे-काळे फुलपाखरूही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढते. रुईवर केशरी, कण्हेरीवर काळपट तपकिरी, बहावा व टाकळ्यावर फिकट पिवळे, तर सीताफळावर हिरव्या ठिपक्यांचे फुलपाखरू अंडी घालते. रुईचा चीक डोळ्यांना घातक आणि कण्हेर विषारी. म्हणून ही दोन झाडे कुंपणालाच, मुलांच्या हातापासून दूर असावीत.

जागा उन्हाची निवडावी. झेंडू, सदाफुली यांचे वाफे पुढे आणि पाल्याची झाडे मागे ठेवावीत. सांडपाण्याजवळ थोडी माती ओली राहू द्यावी. तिच्यातले क्षार शोषायला फुलपाखरे उतरतात. टाकळ्याचा एखादा कोपरा बेणता राहिला, तर कोणी आपल्याला आळशी म्हणणार नाही.

शेतकरी म्हणतील, "अळी पाळायची तर पीक कसे राखायचे?" शंका रास्त आहे. पण हरभऱ्यातली घाटेअळी आणि वांगे पोखरणारी अळी या फुलपाखराच्या नव्हेत, पतंगाच्या. डाळिंबात शिरणारी अळी मात्र फुलपाखराचीच, तिचा बंदोबस्त करावाच लागतो. लिंबाच्या कोवळ्या रोपालाही अळी उघडे करते. तिथे ती काडीने उचलून मोठ्या लिंबोणीवर ठेवावी. मोठ्या झाडाची चार पाने गेली, तरी ते पुन्हा फुटते.

आणि औषधाचे काय? ज्या कढीलिंबावर आपण ते फवारतो, त्याचीच पाने संध्याकाळी आमटीच्या फोडणीत पडतात. कापसासाठी किंवा भातासाठी आणलेले औषध परसातल्या पाल्यावर वापरणे म्हणजे ते आपल्याच ताटात वाढून घेणे आहे. अळीने कुरतडलेले पान निदान खाण्याजोगे आहे, एवढे तरी ती अळी सांगते.

म्हणून या हंगामात प्रत्येक घराने एक कढीलिंब आणि एक लिंबोणी औषधाविना राखावी. मुलांना अळी दाखवावी, कोश दाखवावा. फुलपाखरू कुठून येते, ते त्यांचे त्यांनाच कळेल.