स्वस्त टॅबमध्ये कात्री कुठे लावायची?

विद्यार्थ्यांना वाटायच्या स्वस्त टॅबचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘काहीच नसण्यापेक्षा बरं.’ वरवर ते गरिबाच्या कळवळ्याचं वाटतं, पण त्यात सोय खरेदी करणाऱ्याची असते. सहा महिन्यांत बंद पडलेला टॅब ज्याच्या घरी आहे, तो मुलगा टॅब नसलेल्या मुलाच्या पुढे नसतो. शिवाय त्याच्या नावापुढे ‘लाभ दिला’ अशी नोंद झालेली असते.

केंद्र सरकारच्या स्वस्त ‘आकाश’ टॅबचं काय झालं ते आठवावं. 5 ऑक्टोबर 2011 रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिबल यांनी तो दिल्लीत सादर केला. सरकारला 2,276 रुपयांना पडणाऱ्या त्या यंत्रात 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम आणि दाबून चालवावा लागणारा पडदा होता. बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकायची. यंत्र पाऊस आणि आपटणं सोसणारं हवं, असा प्रकल्प सांभाळणाऱ्या आयआयटी राजस्थानचा आग्रह होता. या किमतीत ते होणार नाही, असं ते बनवणाऱ्या डेटाविंड कंपनीचं म्हणणं. माझ्या मते दोघंही बरोबर होते. चूक त्याआधीच झाली होती : किंमत अगोदर ठरली, वापराचा विचार मागाहून आला. पुढे काम आयआयटी मुंबईकडे गेलं आणि नोव्हेंबर 2012 मध्ये ‘आकाश 2’ आला. त्यात 1 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, दुप्पट रॅम आणि बोट टेकताच चालणारा पडदा होता. किंमत 2,263 रुपये. पहिल्या खेपेला वापराचा विचार न करता केलेली घाई नडली, दुसरं काय!

दुसरा पक्ष म्हणतो, मग महागडाच घ्या. तेही मला पटत नाही. बालभारतीचं पुस्तक पीडीएफमध्ये वाचायला आणि उतरवून घेतलेला तास पाहायला भारी कॅमेरा लागत नाही, की नाजूक, सडपातळ बांधणीही लागत नाही. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत परदेशी प्रकल्पातून छोटे लॅपटॉप आले होते. शंभर डॉलरचं आश्वासन होतं, किंमत बरीच वर गेली. तरी त्यांचा प्रोसेसर साधाच होता. पैसा गेला होता तो उन्हात दिसणाऱ्या पडद्यावर, धूळ आत न जाऊ देणाऱ्या रबरी कळफलकावर आणि विजेच्या बचतीवर. खर्च कुठे करावा, हे त्या रचनाकारांना कळलं होतं.

आपल्याकडे खर्च कुठे करावा? धाराशिव जिल्ह्यापुरतं बोलू. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णतेत लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. भूम, वाशी, कळंबकडची कित्येक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि पोरंही फडावर जातात. तिथे रेंज मिळेलच असं नाही. राज्य सरकारची ‘महाज्योती’ संस्था जेईई-नीटच्या विद्यार्थ्यांना टॅबसोबत इंटरनेट डेटाही देते, हे चांगलंच आहे. पण रेंज नसेल तिथे उपयोगी पडतो तो मेमरी कार्डाचा खाचा, आणि त्याला खर्च फारच थोडा येतो. चार्जिंगची पिन सैल झाली तर ती तालुक्याच्या स्टँडजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला बदलता आली पाहिजे. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असेल, सुटा भाग बाजारात नसेल, तर तोही हात टेकतो.

‘एवढं सगळं घातलं तर किंमत वाढेल,’ असं कुणी म्हणेल. वाढेलच. पण हिशेब वर्षावर मांडा. समजा, सहा हजारांचा टॅब दीड वर्ष चालला, तर वर्षाला चार हजार पडले. दहा हजारांचा चार वर्षं टिकला, तर अडीच हजार. निविदेत सर्वांत कमी दर पाहताना हा हिशेब कुठेच दिसत नाही. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून टॅब विकणाऱ्यांवर सुटे भाग वर्षानुवर्षं पुरवण्याचं बंधन घातलं आहे. 800 वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत 80 टक्के क्षमता उरली पाहिजे, अशीही अट आहे. श्रीमंत देशातल्या ग्राहकाला जे संरक्षण मिळतं, ते धाराशिवच्या मुलाला का नको?

म्हणून जिल्ह्यात टॅबची पुढची निविदा लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे : कॅमेरा कमी करा, जाडी वाढू द्या, प्रोसेसर साधा घ्या. पण बदलता येणारी बॅटरी, चांगला पडदा, मजबूत पिन, कार्डाचा खाचा आणि तालुक्याला दुरुस्तीची सोय या अटी दराच्या रकान्याआधी लिहा, आणि त्या न पाळणारा पुरवठादार कितीही स्वस्त असला तरी बाद करा.