निवडणुकीचा दिवस कोणी ठरवावा?

परीक्षेचा दिवस परीक्षार्थ्याने ठरवावा, हे कोणतेही विद्यापीठ मान्य करणार नाही. ब्रिटनमध्ये मात्र पाच वर्षांच्या मर्यादेत सार्वत्रिक निवडणूक केव्हा घ्यावयाची, हे सत्तेवरील पंतप्रधानच ठरवितात. २०११च्या कायद्याने हा अधिकार काढून घेतला होता; २०२२च्या कायद्याने तो परत दिला.

त्याचा परिणाम आपण २०२४मध्ये पाहिला. २२ मे रोजी घोषणा झाली, १८ जूनला नावनोंदणीची मुदत संपली आणि ४ जुलैला मतदान झाले. घोषणेपूर्वी तारखेवर पैजा लावल्याच्या संशयावरून सत्ताधारी पक्षातील काहींची चौकशी झाली. तारीख आधी ठाऊक असणे हे केवढे भांडवल आहे, हे यावरून ध्यानी यावे. येथे राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही मताधिकार आहे. परंतु रात्रपाळी करणाऱ्या, नुकतेच घर बदललेल्या कुटुंबाला चार आठवडेही अपुरे पडतात. अकस्मात तारखेचा फटका नेहमी दुर्बलांनाच बसतो.

२०११चा कायदा फसला, असा आक्षेप घेतला जातो. मुदतपूर्व निवडणुकीच्या ठरावास दोन-तृतीयांश मतांची अट त्यात होती आणि २०१९मध्ये त्यामुळे कोंडी झाली, हे खरे. पण ती कोंडी संसदेनेच साध्या बहुमताने नवा कायदा करून फोडली. दोष अटीत होता, सभागृहाच्या अधिकारात नव्हता.

निवडणूक यंत्रणा सरकारच्या हाताबाहेर, स्वतंत्र आयोगाकडे असावी, ही तरतूद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ जून १९४९ रोजी संविधान सभेत मांडली. काही प्रांतांत विशिष्ट लोकांना मतदार यादीतून वगळले जात असल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या. म्हणूनच भारतात मतदानाचे वेळापत्रक आयोग आखतो. तरीही लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित करण्याचा सल्ला मंत्रिमंडळच देते. डिसेंबर १९७०मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने वर्षाहून अधिक काळ शिल्लक असता तो दिला. १९७६मध्ये, आणीबाणीत, लोकसभेची मुदतच वाढविली गेली. दिवस अलीकडे ओढणे आणि पुढे ढकलणे ही एकाच सत्तेची दोन रूपे होत.

माझ्या मते कमाल मुदत कायद्याने बांधावी. तत्पूर्वी निवडणूक हवी असल्यास सभागृहाने उघड मतदानाने, साध्या बहुमताने ठरवावे. आणि प्रत्यक्ष दिवस नोंदणीस पुरेसा अवधी देऊन आयोगाने नेमावा. बहुमत पाठीशी असलेला पंतप्रधान सभागृहातही जिंकेल, हे मान्य. पण त्याला कारणे सांगावी लागतील आणि दिवस त्याच्या हाती उरणार नाही. आपल्या विभागातील खासदार मते मागण्यास दारी येतील, तेव्हा हा प्रश्न आपण त्यांना अवश्य विचारावा.