डबी घरात, चावी बाहेर

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

महोदय,

हे तक्रारपत्र नव्हे. वैयक्तिक तक्रारी ट्राय हाताळत नाही हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर चिपळुणात आमच्याकडे नेट बऱ्यापैकी चालतं. पावसात वीज गेली की राउटर इन्व्हर्टरवर घ्यायचा, एवढं केलं की निभतं. मला बोलायचंय ते, बाहेरून आलेली वायर जिथे संपते, तिथल्या डबीबद्दल.

ब्रॉडबँड कशाला म्हणायचं हे सरकारनं वेळोवेळी ठरवून दिलं. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस, मग ५१२, आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. आपल्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत जोडणी किती दिवसांत द्यायची, बिघाड किती वेळात काढायचा, याचे मापदंड आहेत. पण हे नेट घरातल्या पाच-सहा मोबाइलना, टीव्हीला, लेकीच्या लॅपटॉपला वाटून देणारा जो राउटर, त्याचा कारभार कुणाच्या हातात असावा, याबद्दल जोडणी घेताना ग्राहकाला कुणी चकार शब्द सांगत नाही.

जोडणी कशी होते ते आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा एखाद्या घरात उभं राहून बघावं. फायबरवाला मुलगा येतो. दाराच्या चौकटीशेजारी भोक पाडतो, वायर आत ओढतो, आणि वायर जिथवर पोचली तिथेच डबी ठोकतो. ती जागा बहुधा चपलांच्या कपाटावरची असते. मग आपल्याच मोबाइलवर काहीतरी टाइप करतो, वायफायला घरमालकाचं आडनाव देतो, पासवर्ड म्हणून त्यांचाच मोबाइल नंबर टाकतो. "काका, झालं. यूट्यूब लावून बघा." यूट्यूब लागतं. मुलगा पुढच्या घरी जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला दिवसभरात अशी बरीच घरं उरकायची असतात.

त्या दहा मिनिटांत त्यानं प्रत्यक्षात तीन वेगवेगळे पासवर्ड हाताळलेले असतात. पहिला वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा खुद्द राउटरच्या आत शिरण्याचा: ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा तसाच एखादा पत्ता टाकल्यावर जी खिडकी उघडते, तिचा. तिसरा जोडणीचा. बऱ्याच कंपन्या आजही पीपीपीओई नावाची पद्धत वापरतात. १९९९ साली लिहिली गेलेली ही पद्धत अशी, की राउटर आधी कंपनीला आपलं नाव-पासवर्ड सांगतो, कंपनी ते तपासते आणि मगच दार उघडते. या तिन्हींपैकी ग्राहकाच्या हाती येतो फक्त पहिला. उरलेले दोन त्या मुलाच्या मोबाइलमध्ये, नाहीतर स्थानिक केबलवाल्याच्या वहीत राहतात.

"मग राहू देत की, काय बिघडलं?" असं कुणी म्हणेल. बिघडतं ते नंतर, आणि तेही हळूहळू. आमच्या कोकणातली जुनी घरं जांभ्याची. दीड फुटाची भिंत, तीही पावसाळ्यात पाणी प्यायलेली. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल अशा भिंतीपलीकडे जेमतेम उतरतो, तिथे २.४ गिगाहर्ट्झवरच काम चालवावं लागतं. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारनं ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे परवानामुक्त केले, त्याचा फायदा ओटीवर बसणाऱ्याला झाला, माजघरातल्याला नाही. उलट शहरातल्या इमारतीत २.४ वर इतकी गर्दी, की एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल सगळा मजला वाटून घेतो. कुठला पट्टा वापरायचा, कुठला चॅनेल निवडायचा, भाडेकरू खोली सोडून गेल्यावर पासवर्ड कसा बदलायचा, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क कसं उघडायचं, मुलांच्या मोबाइलचं नेट रात्री कसं बंद करायचं, ही सगळी कामं त्या दुसऱ्या पासवर्डाच्या आड आहेत. कंपनीच्या ॲपमध्ये यातलं थोडंफार करता येतं. कुठल्या ॲपमध्ये किती, ते कंपनीच्या मर्जीवर.

माझ्या ओळखीतल्या पुष्कळ घरांमध्ये मी राउटर लावून देतो. पोटापाण्याचा धंदा नाही, हौस म्हणा. सर्वांत जास्त गोंधळ कुठे होतो तर ग्राहक स्वतःच्या पैशानं दुसरा राउटर आणतो तेव्हा. आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून तो चांगला राउटर विकत घेतो आणि कंपनीच्या डबीतून वायर काढून नव्या राउटरच्या निळ्या छिद्रात खुपसतो. आता घरात दोन राउटर, दोघेही पत्ते वाटायला बसलेले, आणि पुष्कळदा दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ च. नेट कधी येतं, कधी येत नाही. टीव्ही एका वायफायवर, मोबाइल दुसऱ्यावर, दोघे एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. यावर उपाय अगदी साधा आहे. नव्या राउटरचा पत्ता बदलायचा, त्याचं पत्ते वाटण्याचं काम बंद करायचं, आणि वायर निळ्या छिद्राऐवजी शेजारच्या साध्या छिद्रात लावायची. मग तो कंपनीच्या डबीचा नुसता लांब हात होतो. याहून बरा उपाय म्हणजे कंपनीच्या डबीला ब्रिज मोडवर टाकायचं, म्हणजे ती प्रकाशाचं विजेत रूपांतर करून गप्प बसते आणि जोडणी आपला राउटर करतो. पण ब्रिज मोडसाठी दुसरा पासवर्ड लागतो, आणि पुढे जोडणी करायला तिसरा. विचारलं की उत्तर येतं, "तो देत नाही आम्ही, सर." काही ठिकाणी राउटरचा मॅक पत्ताही, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक, कंपनीकडे नोंदलेला असतो. नवा राउटर लावला की दार बंद, पुन्हा फोन, पुन्हा विनवणी.

वेगाचीही एक गंमत सांगतो. तीनशे एमबीपीएसचा प्लॅन विकला जातो आणि घरात जो राउटर येतो त्याची छिद्रं शंभरची असतात. गतीचाचणी केली की आकडा पंचाण्णवच्या आसपास अडखळतो. कधी छिद्र हजाराचं असतं, पण वायरच्या टोकाला आठांपैकी चारच तारा जोडलेल्या, म्हणजे पुन्हा शंभरच. कंपनी खरंच सांगत असते की आमच्याकडून तीनशे येतात. ग्राहकही खरंच सांगत असतो की मला मिळत नाहीत. मधल्या दोन हातांच्या वायरीत दोनशे एमबीपीएस जिरतात, त्यांचा हिशेब कुणाच्याच वहीत लागत नाही.

हे सगळं गैरसोयीत मोडतं असं आपण म्हणाल, तर आता जबाबदारीकडे येतो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना गेलेला धमकीचा ई-मेल सानपाड्यातल्या एका अमेरिकन रहिवाशाच्या असुरक्षित वायफायवरून पाठवला गेल्याचं तपासात निघालं. पोलीस कुठे गेले? त्याच्या घरी. संगणक कुणाचे जप्त झाले? त्याचेच. पुढे मुंबईतल्या आणखी काही वायफायचाही तसाच वापर झाला. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधायला लॅपटॉप घेऊन फिरणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच सुमारास दूरसंचार विभागानं वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत कंपन्यांना सूचना काढल्या. तेव्हापासून प्रत्येक घरमालकाला एवढं पक्कं कळलंय की आपल्या वायफायवरून काही वाकडं झालं, तर पहिली थाप आपल्याच दारावर पडणार. ज्या यंत्राबद्दल आम्ही जाब द्यायचा, त्याच यंत्राच्या आत शिरायला आम्हाला मज्जाव, ही रचना मला तरी उफराटी वाटते.

२०१७ च्या जुलैत कर्नाटकात घरोघरचे हजारो मोडेम एका मालवेअरनं बंद पाडले. बळी पडले ते बव्हंशी असे, ज्यांचं नावही 'एडमिन' आणि पासवर्डही 'एडमिन' असा कारखान्यातून आला तसाच राहिला होता. नंतर लोकांना सांगण्यात आलं की पासवर्ड बदला. चांगलं सांगितलं, पण कुठे बदलायचा, कसा बदलायचा, हे जोडणीच्या दिवशीच सांगायचं असतं. ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून, सगळ्या नगांना सरसकट एकच पासवर्ड देऊन नेटला जोडायची घरगुती उपकरणं विकण्यावर कायद्यानं बंदी आणली. सगळा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकून चालत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

कंपन्यांची बाजू मला माहीत आहे, ती पोकळही नाही. ग्राहक आत शिरतो, नको तिथे बोट लावतो, जोडणी तोडून घेतो आणि मग आम्हालाच शिव्या घालतो, असं ते म्हणतात. होतं असं. शिवाय फायबरच्या एकाच धाग्यावर अनेक घरं असतात, त्यामुळे त्या टोकाच्या यंत्राची देखरेख दुरून कंपनीनंच करायला हवी, हेही मान्य. पण त्याला तोड आहे. विजेचं घ्या. मीटरपर्यंतची वायर महावितरणची, मीटरच्या अलीकडची आपली. आतलं फिटिंग आपण आपल्या वायरमनकडून करून घेतो आणि महावितरण त्यात डोकं घालत नाही. नेटच्या बाबतीत आपल्याकडे ही रेघ कुणी ओढलेलीच नाही. प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारं यंत्र कंपनीचं राहू दे, त्यापुढचा राउटर ग्राहकाचा, एवढं ठरलं तर निम्मी भांडणं मिटतील.

जर्मनीनं ही रेघ १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानं ओढली. तिथे राउटर कुठला वापरायचा हे ग्राहक ठरवतो, आणि जोडणीला लागणारं नाव-पासवर्ड करार होताच न मागता, फुकट द्यावं लागतं. आपल्याकडेही असं काही पहिल्यांदाच घडायचं नाही. २०११ च्या जानेवारीत देशभर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय सुरू झाली, तेव्हाही अडचणींचा पाढा वाचला गेला होता. आज ती सोय नसती तर, असा विचारही कुणाच्या मनात येत नाही.

ट्रायनं घरात कशाला शिरावं, असाही एक प्रश्न येईल. पण आपण उंबऱ्यापर्यंत आलेलाच आहात. २०२४ च्या ऑक्टोबरात इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल तारांकित मानांकन देण्याचे नियम आपणच काढले. इमारतीतल्या फायबरला तारे मिळणार असतील, तर त्या फायबरच्या टोकाशी बसलेल्या राउटरचा पासवर्ड फ्लॅटधारकाला मिळावा, ही मागणी फार लांबची नाही.

माझं मागणं एका कागदाचं आहे. जोडणी झाली की फायबरवाल्यानं तो ग्राहकाच्या हाती द्यावा आणि सही घेऊन जावं. त्यावर राउटरच्या आत शिरण्याचं नाव-पासवर्ड, पीपीपीओई असेल तर त्याचं नाव-पासवर्ड आणि जोडणीसाठी राउटरमध्ये भरायचा व्हीलॅन क्रमांक, राउटरची छिद्रं शंभरची की हजाराची, आणि ब्रिज मोड मागितला तर किती दिवसांत मिळेल, एवढं लिहिलेलं असावं. कागद त्या राज्याच्या भाषेत असावा. ज्यांना यातलं काही नको, त्यांनी तो वीजबिलांच्या गठ्ठ्यात ठेवून द्यावा. ज्यांना हवं, त्यांना दर वेळी केबलवाल्याची मनधरणी करावी लागू नये.

असा नियम करण्याआधी आपण सल्लापत्र काढता आणि लोकांच्या सूचना मागवता, ही आपली पद्धत मला मनापासून आवडते. या विषयावर ते काढलंत, तर मराठीतून आलेल्या सूचना वाचल्या जातील अशी सोय तेवढी करा. फायबर जोडणाऱ्या त्या मुलांकडेच सांगण्यासारखं सर्वांत जास्त आहे, आणि ते इंग्रजीत लिहायला बसणार नाहीत.

आपला,
एक ब्रॉडबँड ग्राहक, चिपळूण